तेल लावलेले हँडग्लोज

दादा चाकणच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर आहे. मी तालुक्याच्या शाळेत शिकले. पुढे त्यानेच मला पिंपळे गुरवच्या आपल्या खोलीवर आणलं आणि कॉलेजात घातलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती दादाच्या चामडी हँडग्लोजच्या जिवावर मिळाली, असं मी आजही मानते.

शिफ्टवरून आला की तो दारातच दोन्ही ग्लोज एकमेकांवर आपटायचा. आत अडकलेला लोखंडाचा कीस झडायचा. मग कोरड्या ब्रशने शिवणी साफ करायचा, ओलसर फडक्याने वरवर पुसायचा आणि आत रद्दी कोंबून सावलीत ठेवायचा. हे मी रोज बघत होते, पण आई गावाहून कायमची राहायला आली तेव्हा तिला यातलं काही सांगावं, असं मला सुचलं नाही. दादालाही नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला आईने ठरवलं, लेकाची हत्यारं घरीच पुजायची. दादा किराणा आणि दसऱ्याच्या खरेदीसाठी दिवसभर बाहेर होता, मी ऑफिसात. तिने ग्लोज साबणाच्या पाण्यात भिजवले, घासले आणि गच्चीवर उन्हात टाकले. ते पापडासारखे कडक झाले. मग तिने त्यांना गोडेतेल चोळलं. गावी बैलांच्या चामडी पट्ट्यांना ती दरसाल असंच तेल द्यायची.

संध्याकाळी पाटावर ग्लोज, वेल्डिंगचं हेल्मेट आणि माझी पुस्तकं मांडलेली होती. दादाने ग्लोज हातात घेतले. बोटं दाबून बघितली.

"लई मळले होते रे," आई म्हणाली. "लेकरू कशात हात घालतंय, म्हणलं."

"मऊ झालेत आई," एवढंच तो बोलला.

दसऱ्याची सुट्टी संपली, तसे ते ग्लोज पिशवीत घालून तो कामावर गेला. परतला तेव्हा उजव्या अंगठ्याला पट्टी होती. सोबत त्याचा मित्र, दादाला बाइकवरून सोडायला आलेला. आईने दोघांना चहा दिला आणि विचारलं, "ग्लोज नव्हते का घातले?"

"घातले होते."

मित्र हसला. "काकू, कंपनीतला फाटका जोड घातला याने. शिवणीतून ठिणगी गेली आत. स्वतःचे तेलात बुडवून आणलेत. भजी तळायचा विचार होता का, राव?"

दादाने त्याच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली, पण तो बोलतच राहिला. "तेलकट चामडं लगेच पेट घेतं ना. घातले असते तर हातच भाजला असता."

आईने कप उचलले आणि मोरीत जाऊन बसली. नळ बराच वेळ चालू होता. मित्र गेल्यावर दादा म्हणाला, "आई, मीच सांगायला पाहिजे होतं तुला."

अंगठ्याचा फोड आठवड्यात बरा झाला. पण आईने दादाच्या वस्तूंना हात लावणं सोडलं. डबा भरायची, तोही हळूच विचारून, "हे चालंल ना?" गावी सगळं घर, गोठा, शेत न विचारता सांभाळलेली बाई. तिला आम्ही इथं आणलं आणि पाहुणी करून ठेवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या खंडेनवमीला दादाने नवा जोड पाटावर ठेवला. मी म्हटलं, "आई, हळदकुंकू तू लाव."

"नको गं. कशाला काय चालतं, मला काय ठावं."

दादाने तिच्या हातात कोरडा ब्रश दिला. "नुसतं झटक. याला काही होत नाही."

झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तसा तिने ब्रश एकदा फिरवला. मग तो पाटाच्या कडेला ठेवला, हात पदराला पुसले आणि मागे सरकून बसली.