दत्ताचं गंधक

दत्ता गेल्याची तार आली तेव्हा मी वर्गात होतो. शिपायानं ती हातात दिली, मी वाचली, आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिलं आलं ते हेच: इथंही गडी माझ्या पुढे!

कोल्हारच्या शेतकऱ्याचा हा मुलगा आणि मी, नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला बरोबरच लागलो. मी वर्ग गाजवायचो, टाळ्या घ्यायचो. तो कोपऱ्यात गंधकाची संयुगं घेऊन बसायचा. सिटी बसमध्ये त्याच्या सदऱ्याच्या वासानं शेजारचा उठून जायचा आणि हा खिडकीपाशी ऐसपैस! मला तेवढ्याचाही हेवा वाटायचा.

मग मुंबईहून एक मोठे प्राध्यापक आले. क्ष-किरणांमुळे पेशींत मुक्त मूलकं तयार होतात, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी तुटलेले आणि दिसेल त्यावर तुटून पडणारे कण. गंधक असलेलं सिस्टीन आपला हायड्रोजन देऊन त्यांना शांत करतं. प्राध्यापकांचं काम यावरच. हाताखाली जागा एक, उमेदवार आम्ही दोघं. "सिस्टीनचं द्रावण करून दाखवा," म्हणाले. मी ते आदल्या दिवशीच केलं, सुरेख उघड्या चंबूत, आणि येईल त्याला ढवळून दाखवलं. सकाळी तळाशी पांढरा साका! दत्तानं पाणी उकळून, बूच लावून निववलं होतं आणि पाहुणे समोर बसल्यावरच त्यात पूड टाकली.

"बापू, लई घुसळलंस रे," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "हवा लागली की ते आपसांतच जोड्या जमवतं. मग दुसऱ्याला द्यायला काय उरतंय?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी?"

जागा त्याला मिळाली. दर दिवाळीला यायचा, तिथल्या यंत्रांबद्दल भरभरून बोलायचा; मी हसत ऐकायचो आणि आतून करपायचो. शेवटच्या दिवाळीत सावेडीला माझ्या घरी चकली मोडता मोडता म्हणाला, "आता तूबी ये की तिकडं."

"तू जागा रिकामी कर, लगेच येतो!"

दोघंही पोट धरून हसलो होतो...

गेल्या आठवड्यात मी तिथं रुजू झालो. टेबल त्याचं, स्टूलही त्याचं. दत्ता ताडमाड, मी हा एवढासा. पाय जमिनीला पुरत नाहीत. फिरवलं की स्टूल खाली येतं, शेजारच्यानं दाखवलंसुद्धा. "राहू द्या," म्हटलं. पाय लोंबकळत ठेवून बसतो... आणि अजून जळतो.