मुळे मास्तरांची बरी न होणारी धामण

स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात. कितीही झटका, उरतातच! जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण पुसदच्या आमच्या शाळेत चर्चा एकच: सायन्सच्या मुळे मास्तरांची धामण.

आमचा शिपाई सोमला तांड्यावरून यायचा. त्याच्या वावरात तण काढताना डवऱ्याच्या पात्याखाली शेपूट चिरलेली धामण सापडली, ती त्यानं मास्तरांना आणून दिली. बिनविषारी, पण चांगली पुरुषभर लांब! मास्तर बायकोला म्हणाले, "बरी होईपर्यंत ठेवू."

वहिनी म्हणाल्या, "ठेवा. पण तीनदा पळाली की रानात! मग मी काही ऐकणार नाही."

जखम पंधरा दिवसांत भरली. मास्तरांच्या मते ती अजून थोडी ओली होती. दोन वर्षं!

*

पहिलं घर म्हणजे वहिनींचं दुधाचं जाळीचं कपाट. कडी ढिली. दुसऱ्याच दिवशी धामणबाई गायब! मास्तरांचं घर शाळेच्या मागेच. हेडमास्तरांनी टेबलाचा खण उघडला, तर हजेरीच्या मस्टरवर वेटोळं!

त्या दिवशी कोणालाच लेट मार्क लागला नाही.

*

मग सुताराकडून सागवानी पेटी केली. वर उचलायचं जाळीचं झाकण. धामणीनं आठवड्यात ते डोक्यानं उचललं आणि मास्तरांच्या गादीत सापडली. वहिनींनी दोन बोटं दाखवली.

मास्तर रडकुंडीला आले. "एवढं मोठं घर दिलं, तरी काहून पळते?"

सोमला म्हणाला, "सर, घर मोठं हाय, पन आडोसा कुठी हाय? लपाले जागा नसली त मानूसबी पळते!" त्यानं एक फुटकं मडकं पालथं घातलं, घमेल्यात पाणी ठेवलं. धामण जी आत शिरली ती तिथंच रमली. गावातले लोक साप पाहायला यायचे आणि मडकं पाहून जायचे.

मास्तरांनी पेटीला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. "आता पळाली तर माझ्या जानव्यासकट पळेल!"

*

पेटीला सकाळी ऊन, दुपारी सावली लागते म्हणे. मास्तरांनी टाइमटेबलच लावलं: ज्याचा ऑफ तास, त्यानं पेटी सरकवायची! गुरुवारी मी विसरलो. धावत गेलो, तर पेटी सावलीत, वर ओलं पोतं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "माझ्याकडे काय पाहता भाऊजी? पेटी वाटेत येत होती."

*

गवळ्याचं दूध पातळ येऊ लागलं. मास्तरांनी विचारलं, तर तो उलटा चढला. "तुमचीच धामन गोठ्यात येऊन म्हशीले पिते, सर! मंग दूध पातळ नाही त काय होईन?"

मास्तर म्हणाले, "पिते हे मानलं. पण पिऊन झाल्यावर पाणी घालून जाते काय रे?"

आत वहिनी हसून हसून खाली बसल्या.

*

मास्तर पेपर तपासायला दोन दिवस यवतमाळला गेले. परतले त्या सकाळी मी आणि सोमला अंगणातच होतो. पेटीला कुलूप जसंच्या तसं, पण कोपऱ्यातली जाळी उचकटलेली. मडकं रिकामं!

मास्तर मटकन ओट्यावर बसले. माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तिसरी वेळ," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. सोमला, शोध तिला. पोतं आण, रानात सोडून ये."

सोमला हलेचना.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोतं कशाला? कोठीत आहे ती. उंदीर फार झाले होते, म्हणून मीच कुलूप काढून सोडली तिला. ही वेळ मोजायची नाही."

मास्तरांचा हात आपोआप जानव्याकडे गेला. किल्ली तिथंच होती.