सातव्या मताचा तपास

आधीच माफी मागते. अक्षर माझं गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पोलीस पाटलाच्या जुन्या नोंदवहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण उद्या कोणी वाचलंच, तर त्याला सगळं समजावं म्हणून नीट सांगते.

माझे मालक गावचे पोलीस पाटील होते. ते गेल्यावर ती जागा बाईसाठी राखीव निघाली. दुसऱ्या कोणी बाईने अर्ज केला नाही, म्हणून साहेबांनी शिक्षणाची अट सैल करून मला नेमलं. बोलायची मला पहिल्यापासून भीती. ठाण्यातल्या महिन्याच्या बैठकीला मी मागच्या रांगेत बसायची, नाव पुकारलं की नुसती उभी राहायची. साठाव्या वर्षी निवृत्त झाले. इतक्या वर्षांत भांडणं, चोऱ्या, विहिरीतली प्रेतं सगळं पाहिलं. पण ते पाच दिवस आठवले की अजून छाती धडधडते आणि हसूही येतं.

आमचं गाव जानेफळच्या बाजूला, लहानसं. ग्रामपंचायतीत सात सदस्य. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडायचा नियम होता आणि पद बाईसाठी राखीव निघालं होतं. खरी नावं मी लिहिणार नाही. एका गटाच्या पुढाऱ्याच्या वावरात मोबाईलचा टॉवर, म्हणून ते टॉवरवाले. दुसऱ्याची पिठाची गिरणी, म्हणून ते गिरणीवाले. दोघांनीही आपापली बायको सरपंचपदाला उभी केली होती. बायको धरून टॉवरवाल्यांकडे तीन सदस्य, गिरणीवाल्यांकडे तीन. सातवी मंदा. हे नावही बदललेलं आहे. सव्वीस वर्षांची, वरच्या वस्तीतली, कोणाच्याच गटात नसलेली. वस्तीत नळ आणीन म्हणून उभी राहिली आणि मोजक्या मतांनी निवडून आली.

सरपंच निवडायच्या आधी आमच्याकडे सदस्यांना देवदर्शनाला नेतात. म्हणजे फोन काढून घ्यायचे, जीपमध्ये घालायचे आणि मतदानाच्या दिवशीच परत आणायचे. निवड शुक्रवारी होती. गिरणीवाल्यांचे तीन रविवारीच कुठल्या तरी देवाला गेले. टॉवरवाल्यांच्या उमेदवार बाई घरीच राहिल्या, त्यांचे बाकीचे दोघे लोणारकडे एका मळ्यात ठेवले होते. दोन्ही गटांच्या जीपा मंदाच्या घराकडे तोंड करून उभ्या होत्या.

सोमवारी सकाळी मंदाचा नवरा माझ्या ओट्यावर आला. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, तसा साधा माणूस.

"पाटीलबाई, मंदा नाही घरात. फोन फळीवर, चपला दारात, अन् ती गायब."

तासाभरात अख्खं गाव माझ्या दारात. टॉवरवाले म्हणाले गिरणीवाल्यांनी उचलली. गिरणीवाले म्हणाले टॉवरवाल्यांनी उचलली.

"तुमची जीप पहाटे कुठं गेली होती, सांगा बे!"

"आमची जीप डिझेल भराले गेली होती. तुमच्या मळ्यात पाहा, तिथंच असन!"

गचांड्या धरल्या गेल्या. मी मध्ये उभी राहिले, बोलता आलं नाही, पण पदर खोचून उभी राहिले. बाई मध्ये उभी म्हटल्यावर हात खाली आले.

नवऱ्याला घेऊन ठाण्यात गेले. तिथलं लिखाणकाम पाहणाऱ्या मुन्शींनी हरवल्याची नोंद घेतली. उंची किती, रंग कसा, साडी कोणती. साडीचा रंग नवऱ्याला सांगता येईना. मुन्शी माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे नेहमीचंच आहे, बाई. नवऱ्यांना मोटारसायकलचा नंबर पाठ असतो."

ठाणेदार साहेब बाहेर आले. "पाटीलबाई, शुक्रवारपर्यंत ही बाई सापडली नाही, तर तुमच्या गावात डोकी फुटतील. माझी माणसं बसस्टँड आणि हॉटेलं पाहतील. घराघरात तुम्ही जायचं."

मी मान हलवली.

मंगळवारी मंदाच्या भावाला फोन लावला. तिचं माहेर जळगाव जामोदकडचं. "तुमची बहीण काल पहाटेपासून बेपत्ता आहे," मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "सापडली की कळवजा."

मी फोन ठेवला. बहीण हरवली आणि भाऊ घाबरला नाही. कुठं गेली, काऊन गेली, एक शब्द विचारला नाही. मिळेल त्या गाडीने निघून यायला हवा होता. म्हणजे मंदा कुठं आहे ते त्याला माहीत होतं. फोन घरी ठेवून तिने दुसऱ्या कोणाच्या फोनवरून त्याला कळवलं होतं. आणि चपला दारात ठेवून गेलेली बाई लांब जात नसते. जीव एवढा हलका झाला म्हणून सांगू! मंदा ठीक होती आणि गावातच होती.

बुधवारी मी घरं फिरायला निघाले. कोणाला शंका येऊ नये म्हणून रेशनकार्डाची चौकशी करते असं सांगायची. फिरत फिरत शेवंताकाकूंच्या घरी आले. हेही नाव बदललेलं. त्या मंदाच्या बचतगटाच्या अध्यक्ष, वय सत्तरीच्या आसपास, तोंड तिखट. त्यांची सून बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. बाळाला पाहायचं म्हणून मी खारीक-खोबरं नेलं.

काकू खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बाळ आताच झोपलं व. उद्या ये."

"बरं," म्हणून मी अंगणातच बसले. काकूंना माझ्यासमोर काम करायची चोरी नव्हती, कारण मी काही बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत. त्या आत गेल्या, जेवलेलं ताट घेऊन आल्या आणि मोरीत ठेवलं. ताटात भाकरीचा तुकडा होता आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा.

नऊ दिवसांच्या बाळंतिणीच्या ताटात ठेचा! आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना मिरची दाखवत नाहीत, बाळाचं पोट दुखेल म्हणून. आणि शेवंताकाकूंसारखी सासू तर मुळीच देणार नाही. ते ताट दुसऱ्या कोणाचं तरी होतं. आमच्या बायांना देशोधडीला लावलं तरी चालेल, ठेच्याशिवाय घास उतरत नाही. मंदाने लपून राहायची सगळी तयारी केली, पण तेवढं सोडवलं नाही.

आणि जागा काय निवडली! बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाय टाकत नाही. टॉवरवाले, गिरणीवाले, पोलीस, सगळं गाव धुंडाळतील, पण त्या दारापाशी आले की मान वळवून पुढे जातील.

मी उठले आणि ताटाकडे बोट दाखवलं. "काकू, बाळंतीण ठेचा खाऊन राह्यली काय?"

काकूंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मेली म्हने, नुसत्या वरणाले चव नाही! घातलं ना मले फाशी!" मग हळूच म्हणाल्या, "जाय आत. पण तोंड उघडलं तर पाहून घेईन."

खोलीत शेगडीची धग, ओव्याची धुरी. बाळंतीण बाजेवर हसत होती. बाजेमागे गोधड्यांच्या ढिगाशेजारी, घामाने निथळत, मंदा.

"पाटीलकाकू, मले नेऊ नका," तिने माझे पाय धरले.

"नेत नाही. खरं सांग फक्त."

तिने सांगितलं. टॉवरवाल्या भाऊंनी तिच्या नवऱ्याला चाळीस हजार दिले होते, तिच्या मतासाठी. तिला कोणी विचारलंही नाही. सोमवारी सकाळी त्यांची जीप तिला न्यायला येणार होती. गिरणीवाल्यांची जीप त्यांच्याही आधी यायच्या बेतात होती.

"वस्तीतल्या बायांनी मले मत देलं, त्यायनं माझ्या नवऱ्याले नाही देलं. चार घागरी डोक्यावर घेऊन येतो आम्ही, काकू. मले कोणी जीपमध्ये कोंबलं तर मी त्यायले काय तोंड दाखवू? मत माझं हाये. शुक्रवारी मी आपल्या पायानं जाईन अन् मले वाटन तिथं हात वर करीन. बस, तोवर लपू द्या."

एवढंच होतं तिचं. आपला हात आपण वर करायचा.

तिथून परत आल्यावर मी तिच्या नवऱ्याला माझ्या घरी बोलावलं. चौकशी कशी करतात ते मला येत नाही. चहा ठेवला समोर आणि गप्प बसले. गप्प बसणं मला येतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो घाम पुसायला लागला. "मी काही नाही केलं." मी गप्प. "भाऊनं बोलावलं होतं." मी गप्प. "चाळीस देले, पाटीलबाई! बारा गाडीच्या हप्त्यात अन् उधारीत गेले. अठ्ठावीस कणगीत हायेत. मले वाटलं, मंदा कायले नाही म्हनन?" आणि रडायलाच लागला. चौकशीत ओरडावं लागत नाही हे मी त्या दिवशी शिकले. समोरच्याला आपल्याच मनाचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता द्यायची.

मंदा सुखरूप आहे एवढंच त्याला सांगितलं आणि अठ्ठावीस हजार माझ्या ताब्यात घेतले.

गुरुवारी सकाळी ठाण्यात गेले. साहेब म्हणाले बसा, आणि मी बसले. सगळं सांगितलं, पैशांसकट. एका दमात. साहेब ठेच्यापाशी एवढे मोठ्याने हसले की मुन्शी आत डोकावले.

"बाई सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहते आहे. जबाब झाला की हरवल्याची नोंद बंद. ती कुठं आहे हे कोणाला सांगायचं आपल्यावर बंधन नाही." मग गंभीर झाले. "पैशांबद्दल तक्रार द्यायची तर तिने यायला हवं. विचारा तिला."

जबाब घ्यायला महिला पोलीस आल्या त्या साध्या साडीत, हातात झबलं-टोपडं घेऊन. मागे मी. गावाला वाटलं पाहुणी बाळ पाहायला आली. तक्रारीचं विचारलं तर मंदा म्हणाली, "माझा नवराच आत जाईन ना. पैसे परत करतो, तेच बरं."

तिच्या सांगण्यावरून दुपारी मी टॉवरवाल्यांच्या उमेदवार बाईंना बोलावून आणलं, बाळ पाहायला म्हणून. त्या पूर्वी अंगणवाडीत होत्या, कमी बोलणाऱ्या. मंदाला पाहून दारातच थबकल्या.

मी दिलेल्या नोटा मंदाने बाजेवर ठेवल्या. "तुमच्या मालकानं माझ्या नवऱ्याले चाळीस हजार देले, माझ्या मतासाठी. हे अठ्ठावीस घ्या. बारा खर्च झाले, ते मी फेडीन."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं माणसं पाहिली आहेत, तेवढं मला ओळखता येतं. बारा हजार त्यांच्या घराला काही जड नव्हते. मला वाटलं आता म्हणतील, राहू दे, सोड.

त्यांनी नोटा मोजल्या आणि पदरात बांधल्या. "हाव. बारा बाकी राह्यले. लिहून दे."

मंदाने वहीच्या पानावर लिहून दिलं. साक्षीला माझी सही.

"अन् मत?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"मत उद्या पाहा," मंदा म्हणाली.

शुक्रवार उजाडला. ग्रामपंचायतीसमोर चार पोलीस, दोन्ही गट, दोन्ही जीपा, आणि पाय ठेवायला जागा नाही. अध्यासी अधिकारी टेबलावर कागद मांडून बसलेले. दोन्हीकडचे सदस्य डोळे चोळत जीपमधून उतरले, टॉवरवाल्यांच्या बाई घरून चालत आल्या. सहा झाले. सातवी कुठं आहे म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते.

तेवढ्यात शेवंताकाकूंच्या गल्लीतून बायका निघाल्या. पुढे काकू, मागे वस्तीतल्या पंधरा-वीस जणी आणि मध्ये मंदा, नवी साडी, पायात काकूंच्या चपला.

"अरे, ही तर गावातच होती!" कोणीतरी ओरडलं.

"मंग काय चंद्रावर गेली होती?" काकू म्हणाल्या. "तुमच्या नाकासमोर होती. नाक वर करून फिरत होता तुम्ही!"

गर्दी आपोआप दुभंगली. हात वर करून मतदान झालं. गिरणीवाल्यांच्या बाईंसाठी तीन हात. मग टॉवरवाल्यांच्या बाईंचं नाव पुकारलं. तीन हात. मी खिडकीच्या गजाला धरून पाहत होते. मंदाने एकदा खिडकीबाहेर, वस्तीतल्या बायकांकडे पाहिलं आणि हात वर केला. सरळ, कानाला लावून, शाळेतल्या पोरीसारखा.

फटाके वाजले. गिरणीवाले ओरडले, "विकल्या गेली!" तेव्हा मी बोलले. एवढ्या गर्दीत, आयुष्यात पहिल्यांदा. "विकली गेली नाही. मी साक्षीला आहे!" आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसेना.

नंतर मी मंदाला विचारलं, त्यांनाच मत काऊन दिलं?

"बारा हजार सोडून देतो म्हनल्या असत्या, तर नसतं देलं," ती म्हणाली. "सोडले असते म्हंजे घेतलंच असतं ना मले इकत? त्यायनं बाकी ठेवली. मले बरोबरीचं समजल्या."

मी चौथी शिकलेली, पण एवढं मला तेव्हा समजलं. एकाचं मत दुसरं कोणीही विकू शकतं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पैसे देणारा, घेणारा, आणि गुन्हा घडला की नोंद करू म्हणून बसलेली मीसुद्धा. तपास करताना मी मंदाला शोधत होते. ती मात्र हरवलेली नव्हतीच, तिने फक्त स्वतःला आमच्या सगळ्यांपासून सांभाळून ठेवलं होतं.

वस्तीत नळ आला, उशिरा आला, पण आला. मंदाने सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला जाऊन, बचतगटाचे पापड लाटून दर महिन्याला काही ना काही दिलं. नवऱ्याने गाडी विकायची तयारी दाखवली, ती म्हणाली, "नको, कामावर कशानं जाशीन?" मग तोही आपल्या मजुरीतून घालायला लागला. टॉवरवाले भाऊ सुरुवातीला तोंड फिरवायचे, नंतर स्वतः विचारायला लागले, "किती राह्यले?"

शेवटचे आठशे घेऊन मंदा मला बोलवायला आली. सरपंचबाईंच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो. बाईंनी नोटा मोजल्या, आतून ते वहीचं पान आणलं, माझ्या समोर त्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: चाळीस हजार पूर्ण मिळाले, बाकी काही नाही.