तलवाड्यातलं शेवटचं चंदन

जानेवारीत तलवाड्याला जायचं ठरवलं, ते झाडं पाहायला. बागकामाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तमरावकाकांची ओळख झाली होती. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने घरामागच्या पाच गुंठ्यांत रुद्राक्ष, सीताअशोक, कैलासपती, कृष्णवड आणि तीन चंदनं वाढवली होती. बीड जिल्ह्याच्या उन्हात रुद्राक्ष! माझा पुण्यातला कुंडीतला दोनदा वाळला होता. प्रत्येक फोटोखाली काका लिहायचे, "येऊन बघा." शेवटी मी निघाले.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली. नगरला पोटभर खाऊन घेतलं, ते बरं झालं, कारण पुढे पाथर्डीमार्गे गेवराईपर्यंत गाडी फारशी थांबली नाही. गेवराईत मुक्कामाला साधी लॉजेस आहेत. स्टँडबाहेरून तलवाड्याला जीप मिळते, पण भरल्याशिवाय सुटत नाही. तासभर हाताशी ठेवा. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस, मधूनच ऊस. जीपमध्ये शेजारी बसलेल्या फेटेवाल्या आजोबांनी कुणाकडे जाते विचारलं. मी नाव सांगितलं.

"चंदनवाल्याकडं? तुमी पेपरवाल्या हाव का?"

"नाही. झाडं बघायला आलेय."

"बगा," ते म्हणाले, आणि फेटा सावरून बाहेर बघू लागले.

फाटकाला नवंकोरं मोठं कुलूप होतं. काकांच्या पत्नी कुसुमकाकूंनी ते उघडलं आणि मी आत येताच पुन्हा लावलं. काका हात जोडायला पुढे आले, तर उजव्या हाताची तीन बोटं सरळच होईनात.  

बाग त्यांनी मन लावून दाखवली. रुद्राक्ष भिंतीच्या सावलीत, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर. उन्हाळ्यात वरून हिरवी जाळी आणि भोवती ओली गोणपाटं. "ह्याला पाणी न्हाई, गारवा लागतो. तुमी पाणी घालून मारला असंल," काका म्हणाले. तसंच झालं होतं. कैलासपतीला खोडावरच फुलं लागली होती. चंदनाबद्दल सांगताना ते खाली बसले. चंदन एकट्याने जगत नाही, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घेतात, म्हणून रोपाजवळ आधी तूर लावायची आणि पुढे कडुनिंब. तिसऱ्या चंदनाचा बुंधा माझ्या दोन्ही पंजांच्या विळख्यात जेमतेम मावत होता. उरलेली दोन जमिनीलगत कापलेली होती.

"चोर?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर," ते म्हणाले आणि पाण्याचा पाइप उचलून दुसरीकडे गेले.

बाकीचं काकूंनी सांगितलं, चुलीपुढे, बाजरीची भाकरी थापताना. चौघं आले होते. दोन झाडं आडवी झाली तेव्हा काकू आवाजाने परसात गेल्या, तर एकाने त्यांना धरून मानेला करवत लावली. मागोमाग काका बाहेर आले.

"त्यो म्हणला, जागचा हालू नको, न्हाईतर हिला कापीन. आन् ह्ये पळाले." काकूंनी भाकरी उलटली. "माझ्याकडं न्हाई. झाडाकडं."

झाडापाशी काकांच्या हातावर कोयता बसला. काकूंना काही झालं नाही. त्यांना धरणारा चोर दचकून त्यांना सोडून पळाला. पण दवाखान्यातून काका घरी आल्यावर काकूंनी सांगितलं, आता एक तर तिसरं झाड राहील, नाही तर मी. वनखात्याची परवानगी मिळायला वेळ लागला. झाड दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं होतं. चोरीनंतरही मला येऊ दिलं ते त्यामुळेच, हे तेव्हा कळलं. कुणीतरी ते उभं असताना पाहावं, असं काकांना वाटत होतं.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी करवतवाले सलीमभाई आले, सोबत वनरक्षक. मशीन सुरू करण्याआधी सलीमभाई म्हणाले, "काका, तुमी आत जा. कावून बगायलाव?"

काका गेले नाहीत. झाड पडायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आतला गाभा तपकिरी निघाला आणि वास अंगणभर पसरला, देवघरासारखा. मला तो सहन होईना. वनरक्षकाने ओंडके मोजून शिक्के मारले. काकू ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर ना आनंद होता ना दुःख.

निघताना काका मला जीपपर्यंत सोडायला आले. वाटेत आपणहून म्हणाले, "मला वाटलं, तिला काय करणार न्हाईत ते. एवडंच वाटलं, ताई." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "खरं सांगायचं तर काहीच वाटलं न्हाई. पाय तिकडं गेले."

परतीच्या वाटेवर कपिलधारचा धबधबा पाहायचं ठरवलं होतं. गेले नाही. बीडवरून मिळेल ती बस धरून घरी आले.

तुम्ही चंदन लावायचं म्हणत असाल, तर ते कसं लावायचं ती माहिती वर दिली आहे. लावाच किंवा लावू नका, असं मी सांगू शकत नाही. लोकांना फळं-फुलं दाखवायची हौस मला आहे, तशीच काकांना होती. तिथून आल्यापासून मी ग्रुपवर बागेचा एकही फोटो टाकलेला नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आता झोप लागते, म्हणाल्या. काका जेवतात, झाडांना पाणी घालतात, पण त्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, कापलेल्या खोडाजवळ मुळातून फुटवा आलाय. बोटाएवडा. ह्यांनी आजून बगितला न्हाई. उपटू का?"

 पलीकडे अंगणात पाइपचं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"बरं, ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. ते माझ्या उत्तराबद्दल म्हणाल्या की फुटव्याबद्दल, हे कळायच्या आत फोन बंद झाला होता.