बोलणारे चिकू

चहा आधी खाली ठेवा. मागे एकाला हे सांगत होतो तर त्याच्या नाकातून चहा आला आणि नवा सदरा खराब झाला. वर मलाच बोलला! घोळ सगळा माझा आहे, तेव्हा हसायला संकोच नको. फक्त आमच्या हिच्यासमोर हसू नका.

तर झालं असं, की मी निवृत्त झालो. तारापूरच्या कारखान्यात सगळी उमर गेली. भोंगा वाजला की पळायचं, एवढंच माहीत. आणि एक दिवस एकदम घरी! डहाणूला आमची चिकूची वाडी आहे, पण ती पहिल्यापासून सुलभा बघते. सुलभा म्हणजे आमची ही. खत, फवारणी, तोडणी, टेम्पो, सगळं तिच्या हातात. मग मी काय करायचं? बसायचं. आणि बसणं मला जमत नाही हो! पायाला भिंगरी. काही हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

"अहो, फ्रिज कुठे गेला?"

"खिडकीपाशी नेला. तिथे हवा येते."

"फ्रिजला हवा?"

दुसऱ्या दिवशी देवघर जिन्याखाली गेलं. तिसऱ्या दिवशी सुलभाने हात जोडले. देवाला नव्हे, मला. "काहीतरी धंदा बघा. नाहीतर मला वेड लागेल."

झालं! परवानगीच मिळाली की! मोबाइलवरच्या व्हिडिओत एक पोरगी रोज सांगायची, घरबसल्या जुना माल विका, कंपनीकडे परत आलेला माल स्वस्तात उचला, ऑनलाइन टाका. मी वापीहून लॉट उचलायला सुरुवात केली. लोकांनी मागवून परत केलेल्या वस्तू. झाकण नसलेले मिक्सर, एकाच बाजूला गरम होणारी इस्त्री, आणि एका खोक्यात चक्क दोन्ही डाव्या पायाच्या चपला. मी ओटीवर मांडून फोटो काढायचो आणि ग्रुपवर टाकायचो. विचारणा यायची बरं का! चपलांच्या फोटोवर तर लगेच आली. खालचं पायपुसणं केवढ्याला, म्हणून.

माल पाठवायला खोकी कुठून आणायची? अहो, चिकूवाल्याच्या घरात खोक्यांना काय तोटा! पडवीत थप्प्याच असतात. प्रत्येकावर छापलेला सुलभाचा मार्का, गोलात 'सु'. आता हा मार्का काय चीज आहे ते सांगतो. वापीच्या मार्केटात आमचे शेठ 'सु'चं खोकं उघडून बघतच नाहीत. वर मोठे, खाली बारके, असला प्रकार त्यात कधी निघाला नाही. सुरुवातीला ही स्वतः टेम्पोत बसून मार्केटात जायची, गिऱ्हाइकासमोर खोकं तळापर्यंत उपसून दाखवायची. असं करत करत ते नाव झालंय. घर त्या दोन अक्षरांवर चालतं. अक्षरही एकच, बघा.

"माझ्या खोक्यात तुमचं भंगार भरू नका," ती म्हणाली.

"अगं, रिकामंच खोकं घेतोय. मार्का कुठे घेतोय?"

आणि मला पहिली मोठी ऑर्डर आली! झरीचा भरत. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते ना, तिथे खेळण्यांचा स्टॉल लावणार होता. माझ्याकडे नेमके बोलणारे पोपट आले होते. खेळण्यातले. कोणी थाप मारली की जागे होतात आणि आपण बोलू ते आपल्याच सुरात परत बोलतात. लोकांनी परत का केले असतील, हा प्रश्न मला पडला नाही. मी सगळ्यांना सेल घातले, एकेकाला "नमस्कार" म्हणून तपासलं, खोक्यात भरलं, चिकटपट्टी लावली. बंद करायचं बटण पोटाखाली असतं, ही माहिती मला नंतर शेठकडून मिळाली.

पोपटांचं खोकं मी पडवीत ठेवलं. चिकूची भरलेली खोकी ओटीवर होती, सकाळच्या टेम्पोसाठी. सगळं जागच्या जागी. तिथेच थांबलो असतो तर हा किस्सा झाला असता का? पण संध्याकाळी ही गोठ्यात धार काढायला गेली आणि मला ओटी अडगळीची वाटायला लागली. म्हटलं, झाडून घेऊ. खोकी इकडची तिकडे केली, तिकडची इकडे. सगळ्यांवर 'सु'. सगळी सारखी. ओटी मात्र आरशासारखी झाली!

सकाळी टेम्पो आला. ही गोठ्यात होती. मी धावलोच.

"भाऊ, हे खोकं हलकं लागतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, तुझी ताकद वाढली असेल. घाल!"

उरलेलं एक खोकं मी स्कूटरवर बांधलं आणि विवळवेढ्याला निघालो. वजनावरून कळलं नाही का, असं विचारू नका. हिने विचारून झालंय. मला वाटलं, माल दणकट दिसतोय! चारोटी नाक्यापर्यंत स्कूटर अशी डुलत होती की मागचे ट्रकवाले मला वाट देत होते. भरत बांबू ठोकत होता. "भाऊ, ठेवा तिकडे कोपऱ्यात, मग बघतो," म्हणाला. मी ठेवलं, देवीला नमस्कार केला, छाती फुगवून घरी आलो.

घरी आलो तर सुलभाच्या फोनवर शेठ. स्पीकर चालू.

"भाभी! तमारा चिकू बोले छे!"

"बोलणारच, शेठ," ही खूश. "आमचा माल बोलतोच."

"अरे खरेखर बोले छे!"

पुढचं शेठने सांगितलं ते असं. शेठने भर बाजारात त्या खोक्यावर थाप मारली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "सु चा माल, बघायची गरज नाय!" आणि खोकं आतून ओरडलं, "बघायची गरज नाय!" एका पोपटाचं दुसऱ्याने ऐकलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. गरज नाय, गरज नाय, गरज नाय! हमाल म्हणे पाठीवरचं ओझं टाकून पळाले. आत वटवाघूळ असेल, असं कोणीतरी म्हणालं. बोलणारं वटवाघूळ! शेठ मात्र जिगरबाज. त्यांनी तशातही दुसऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच खोक्याआड घेतलं आणि त्याच्या कानात भाव सांगितला. तो भाव खोक्याने अख्ख्या मार्केटला सांगितला. मग काय! पहिल्या गिऱ्हाइकाने शेठची कॉलर धरली. मला वेगळा भाव आणि याला वेगळा? "याला वेगळा? याला वेगळा?" हे पोपट!

सुलभाने फोन ठेवला. पडवीतल्या रिकाम्या खोक्यांकडे बघत बसली. "शेठ म्हणतात, यापुढे 'सु'चं प्रत्येक खोकं फोडून बघणार," एवढंच बोलली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! इतक्या वर्षांचं तिचं नाव, आणि मी ते एका झाडूने झाडून टाकलं.

आणि मग माझी ट्यूब पेटली. पोपट वापीत, तर स्कूटरवर काय होतं?

दोघं तसेच निघालो. ही मागे बसलेली. जत्रेत पोहोचलो तर भरतच्या स्टॉलपुढे ही गर्दी! आरडाओरडा, टाळ्या, पोरंटोरं पुढे घुसतायत. मी म्हटलं, वा, धंदा तर जोरात आहे.

जोरातच होता. भरतने पत्र्याचे डबे एकावर एक रचले होते आणि लोक ते चेंडूने पाडत होते. फक्त तो चेंडू नव्हता. आमचा चिकू होता! एक नंबर, हाताने निवडलेला, अजून दगडासारखा कडक.

"भाऊ, या या!" भरतने मला मिठीच मारली. "खोकं उघडलं तर चिकू. डोक्याला हात लावला मी! स्टॉलचं भाडं भरलेलं, विकायला काय नाय. मग हेच सुचलं. फेकून फेकून फुटत पण नाय ओ! अजून आहेत काय?"

तेवढ्यात एक चिकू डब्याला लागून घरंगळत हिच्या पायाशी आला. तिने तो उचलला, पदराने पुसला, आणि मग जी सुरू झाली! "हे फेकायला वाढवलेत का मी? खायचं फळ आहे हे! तांदळात घालून ठेवा, मऊ झालं की मग सांगा!" भरतने हातातले डबे खाली ठेवले. मी डब्यांच्या मागे. तिने खोक्यात हात घालून लोकांना चिकूच वाटले. "घरी न्या. पिकू द्या. आणि माझा मार्का लक्षात ठेवा."

लोकांनी ठेवला. भरतने त्यांना माझ्या ग्रुपची लिंक दिली आणि चारच दिवसांत तिथे मेसेज यायला लागले, जत्रेत भेटलेल्या ताईंचे चिकू मिळतील का? माझ्या इस्त्रीला विचारणारं कोणी उरलं नाही. आता त्या ग्रुपवर सुलभा चिकू विकते आणि माझा लॉट वाडीच्या शेडमध्ये पडून आहे.

शेठही वळले. पण एका अटीवर. म्हणाले, "भाभी, तुमच्यावर भरोसा हाय. पण खोक्याला भाऊंचा हात लागला नाय, एवढं मला लिहून पायजे. दर खोक्यावर." झरीहून भरतचाही निरोप, चिकू पाठवा, पण भाऊंनी भरलेले नकोत.

सुलभाला म्हटलं, मग आता मी काय करू? मला बसवत नाही, हे तुला माहीत आहे. तिने काळा मार्कर माझ्या हातात दिला.

तेव्हापासून रोज सकाळी टेम्पो यायच्या आधी मी ओटीवर बसतो. एकेक खोकं जवळ ओढतो, डाव्या हाताने घट्ट धरतो आणि ठळक अक्षरात लिहितो, 'या खोक्याला भाऊंचा हात लागलेला नाही.'