नाजुकांचं टेबल

सप्टेंबर लागला की लिबुशेच्या घरी पाणी प्यायला धड पेला मिळायचा नाही. झाडून सगळे पेले खिडकीत पांढऱ्या कागदावर पालथे, आणि प्रत्येकाखाली एकेका अळंबीची टोपी. रात्रभरात टोपीतून बारीक पूड सांडते. तिच्या रंगावरून अळंबीचं कूळ ओळखायचं. पाहुण्यांना कॉफी मिळायची ती मुरंब्याच्या बरणीतून. अळंब्यांचं सूप कसं करता, असं कुणी विचारलंच तर लिबुशे म्हणायची, "आमच्याकडे खायला नाही आणत बाई, सांभाळायला आणतात."

हा उद्योग तिच्या नवऱ्याचा, ओताकारचा. जन्म गेला बेकरीच्या भट्टीपुढे, पण जीव सगळा रानात. गावच्या अळंबी मंडळात ज्याला त्याला जाडजूड, सुपात टाकण्याजोग्या अळंब्या हव्यात. याला हव्या त्या तळ्याकाठच्या तपकिरी, काडीएवढ्या, हात लावला की मोडणाऱ्या. आमच्याकडे त्यांचं नावच मुळी 'नाजुका'. दिसायला सगळ्या सारख्या, पोटाला काडीचा उपयोग नाही. बाकीचे त्यांना 'तपकिरी कटकट' म्हणून बाजूला सारायचे, ओताकारने ती कटकट हौसेने घेतली. दर शरदात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं, तिथलं कोपऱ्यातलं टेबल वर्षानुवर्षं त्याचं. तिथे फारसं कुणी फिरकायचं नाही ही गोष्ट वेगळी.

यंदा वसंतात त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं, थरथर काही थांबली नाही. तरी तो रानात जायचा, पण टोपलीतून घरी यायचा तो नुसता चुरा. मग एक दिवस मंडळाचे सचिव कुडेलका कॉफीला आले आणि कपात बघत म्हणाले, "ओताकार, यंदा तुम्ही दारात तिकिटं फाडायला बसता का? बसून काम आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पाही होतील."

माणूस वाईट नाही हो, भल्यासाठीच बोलला. म्हणून तर जास्त लागलं.

"बरंच होईल की," ओताकार म्हणाला. कुडेलका गेल्यावर त्याने खिडकीतले पेले गोळा केले, सावकाश धुतले आणि कपाटात लावून ठेवले. लिबुशेने खरं तर पेढे वाटायचे. पण त्या भरलेल्या कपाटापुढे ती नुसती उभी राहिली. या पेल्यांवरून आपण किती भांडलो, आणि आता हा भांडणसुद्धा ठेवत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती सायकल काढून एकटीच तळ्याकाठी गेली. पहिली नाजुका हातातच मोडली. दुसरीची टोपी गळून पडली. कणीक मळून मळून घट्टे पडलेली बोटं तिची, त्यांना असल्या कामाची सवय कुठली? स्वतःला चार शिव्या घालून ती घरी आली, केक उचलायचं चपटं उलथनं घेतलं, अंड्यांचा खोका घेतला आणि परत गेली. मग शेवाळासकट, कुजक्या लाकडाच्या ढलप्यासकट एकेक नाजुका उचलून खोक्यात बसवली. येताना सायकलवर बसायचा धीर झाला नाही, म्हणून ती ढकलत आणली.

शनिवारी ठेवणीतला कोट घालून ओताकार हॉलच्या दारातल्या खुर्चीकडे वळला.

"तिकडे कुठे?" लिबुशेने विचारलं.

"माझी जागा तिकडे आहे."

"तुझी जागा कोपऱ्यात आहे. कुडेलका, तिकिटं तुम्हीच फाडा. तुमचे हात रिकामेच दिसताहेत."

कुडेलकांचे कान लाल झाले, पण ते मुकाट्याने खुर्चीत बसले.

कोपऱ्यातल्या टेबलावर तिने खोका उघडला. ओताकारने हात टेबलाखाली घेतले आणि वाकून बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"जमिनीवर होत्या?"

"कुजक्या ओंडक्यावर. झुपक्याने."

"काल टोपीचा रंग कसा होता?"

"कोऱ्या चहाचा. रात्रीतून वाळून फिकट झाल्या."

भोवती चार माणसं जमली. एका बाईने नेहमीचा प्रश्न विचारलाच, "खातात का हो या?"

"आधी नाव तर कळू दे," लिबुशे म्हणाली.

"आता देठ मोड," ओताकार म्हणाला.

"काय करू?"

"मोडून बघायचं. कट्कन तुटला आणि आतून पोकळ निघाला, तर आपलीच."

लिबुशेने खोक्यावर दोन्ही हात आडवे धरले. "अरे, श्वास रोखून आणल्यात मी. एकीचीसुद्धा टोपी हलू दिली नाही. मी नाही मोडणार."

"मोडल्याशिवाय नाव नाही देता येत, लीबा."

"मग राहू दे बिननावाची." तिचा आवाज चिरकला, तोही चारचौघांत.

ओताकार तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलाखालचे हात वर आणले आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले. हात थरथरत होते, शेजारची बशी वाजत होती. त्याने एक नाजुका उचलली आणि दाबायच्या आधीच ती बोटांत कट्कन तुटली. देठ आतून पोकळ होता.

"बघ," तो म्हणाला, "एवढं अजून छान जमतं मला."

लिबुशेने डोळे पुसले आणि खोका त्याच्यापुढे सरकवला.

"मग पुढची घे," ती म्हणाली.