आप्पांचं मौन

मी मॅट्रिक पास झालो तो माझ्या आजोबांमुळे, आप्पांमुळे. परवा नागावच्या वाडीत पाण्याची मोटार सुरू झाली, पाटातल्या भिजलेल्या वाळूचा वास आला आणि मॅट्रिकच्या निकालाआधीचा तो उन्हाळा आठवला.

आप्पांना सारी आळी वचकून असे. विहिरीवरच्या रहाटाचा बैल तर त्यांच्या शिव्यांवरच चालायचा. पण मी परीक्षेला बसलो आणि त्यांनी देवाला सांगितलं, नातू पास झाल्याचं कळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.

बैल जागचा हलेना. पोफळी सुकू लागल्या. आप्पा बैलामागे उभे, मूठ उगारलेली, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, आणि आवाज नाही.

"चल रे माझ्या राजा," आजी बैलाला म्हणाली. त्याने नुसती शेपटी हलवली.

"अवो, एक शिवी घाला," ती आप्पांकडे वळली. "पाप माझ्या माथ्यावर."

कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "आप्पा, पोराच्या आधी तुमचा बैल नापास व्हायचा."

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली आणि ते घागरीने एकेका झाडाला पाणी घालू लागले. मी काय करणार? निकाल माझ्या हातात नव्हता. मी हसू दाबत होतो. घरात अजूनही हा किस्सा हसत सांगतात. मला मात्र आता त्यांची घामाने भिजलेली म्हातारी पाठ दिसते.

निकाल पाहायला मुंबईला गेलो आणि तिथूनच पत्र टाकलं:

"तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार. पास झालो. आता बोला. पहिली शिवी मला द्या, बैलाला मागाहून."